शिंपल्यांची रास की शिंपल्यांचा उकिरडा?

अमळनेरच्या एका इतिहास-शिक्षिकेने विचारले आहे : ‘समुद्रकाठच्या प्राचीन मासेमार लोकांवर शाळेत भित्तिपत्रक करताना इंग्रजीतील “शेल मिडन” या संज्ञेसाठी मी “शिंपल्यांचा उकिरडा” असे लिहिले. सहकाऱ्यांना तो शब्द शाळेच्या भिंतीवर शोभणारा वाटला नाही. त्यांनी “कवचराशी” सुचवला आहे. कोणता ठेवावा?’

उकिरडा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

प्राचीन माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या ढिगाऱ्याची ही संज्ञा इंग्रजीत आली ती डेन्मार्कमधून. तेथील किनाऱ्यालगत शिंपल्यांचे लांबच लांब थर सापडत आणि ते समुद्रानेच कधीकाळी टाकले असावेत, असा अनेकांचा समज होता. १८४८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ स्टेनस्ट्रुप, भूशास्त्रज्ञ फोर्कहामर आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो या तिघांची समिती या प्रश्नासाठी नेमली गेली. १८५० मध्ये माइलगार्ड येथील थर पाहताना वोर्सो यांच्या ध्यानात आले की त्यातील कालवे बहुतेक पूर्ण वाढलेली, म्हणजे खाण्याजोगी आहेत आणि त्यांत गारगोटीची हत्यारे मिसळलेली आहेत. हे माणसांच्या जेवणाचे उरलेसुरले आहे, हे ठरल्यावर स्टेनस्ट्रुप यांनी त्याला जे डॅनिश नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वयंपाकघराचा उकिरडा’ असा होतो. त्यातील ‘मोडिंग’ हा शेण आणि ढीग अशा अर्थांच्या दोन जुन्या शब्दांचा जोड आहे आणि इंग्रजी ‘मिडन’ त्याच घराण्यातला आहे. तेव्हा जो शब्द शाळेच्या भिंतीवर शोभत नाही असे वाटते, तोच पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या विद्वानांनी समजून-उमजून निवडला होता.

आपला उकिरडाही काही आजकालचा नाही. संस्कृतातील ‘उत्कर’ म्हणजे वर उकरून टाकलेला ढीग. यज्ञभूमीवर वेदी खणताना आणि झाडताना निघालेली माती व कचरा जेथे टाकत, त्या जागेलाही उत्करच म्हणत. अमरकोशाने या शब्दाला पुंज, राशी आणि कूट यांच्या पंक्तीला बसवले आहे, म्हणजे सहकाऱ्यांना हवी असलेली ‘राशी’ उकिरड्याच्या शेजारीच बसलेली आहे. प्राकृतात ‘उक्कुरुडिया’ असे रूप मिळते. जैन आगमांतील निरयावलियेत चेल्लणा राणी नवजात कोणिकाला उक्कुरुडियेवर टाकून देण्यास सांगते आणि तेथे कोंबडा त्याचे बोट टोचतो, अशी कथा आहे. उकिरडा आणि त्यावर चोच मारणारा कोंबडा ही जोडी इतकी जुनी आहे! सीमेपलीकडे गुजरातीत आजही ‘उकरडो’ म्हणतात, हे नंदुरबार-नवापूरकडच्या वाचकांना सांगायला नकोच.

याच कुळातले ‘उकरणे’ हे क्रियापद आणि घुशी-उंदरांनी बिळातून वर टाकलेल्या मातीचे नाव ‘उकीर’ लक्षात घेतले, की एक गंमत दिसते. उत्खनन करणाऱ्याने उकिरडा उकरणे हे मराठीत एकाच धातूचे दोनदा केलेले काम आहे. इंग्रजीला ही सोय नाही.

आता ‘कवचराशी’विषयी. माझा आक्षेप तिच्या संस्कृतपणाला नाही, तिच्यात माणूस दिसत नाही याला आहे. धान्याची रास म्हणजे आपण राखून ठेवण्यासाठी घातलेला ढीग, आणि वाळूची किंवा शिंपल्यांची रास लाटाही घालतात. उकिरडा मात्र माणसाने वापरून टाकलेल्या वस्तूंचाच असतो. पुरातत्त्वात नेमका हाच भेद करावा लागतो. लाटांनी घातलेल्या राशीत लहानमोठे, पिल्लू-प्रौढ, सर्व आकारांचे शंखशिंपले असतात आणि ते घासून गुळगुळीत झालेले असतात. माणसाच्या उकिरड्यात खाण्याजोग्या आकाराच्या मोजक्याच जाती भरपूर सापडतात, सोबत कोळसा, राख, आगीत तडकलेले दगड, माशांची व जनावरांची हाडे आणि मोडकी हत्यारे असतात. ज्या शब्दात हा भेद आधीच भरलेला आहे तो सोडून, त्याला पुसून टाकणारा शब्द का घ्यावा? शिवाय ‘कवच’ म्हटले की कासव आणि खेकडाही आत येतात, तेही वेगळेच.

‘टेकाड’ किंवा ‘पांढर’ हे शब्द सुचतील, कारण खानदेशात जुन्या वस्तीच्या जागेला आपण पांढर म्हणतो. तापीकाठी प्रकाशे येथे १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणले ते असेच वस्तीचे टेकाड होते. धाब्याच्या छतावर टाकायला माती हवी म्हणून कितीतरी गावांची पांढर लोकांनी खणून नेली आहे. पण पांढर म्हणजे घरे पडून, त्यांवर पुन्हा घरे उभी राहून चढलेली जमीन. तिच्या पोटात उकिरडाही असतो, चूलही असते, पुरलेले माणूसही असते. समुद्रकाठच्या ज्या ढिगाऱ्यात मुख्यत्वे जेवणानंतरचे टाकाऊच साठले आहे, त्याला पांढर म्हणणे म्हणजे गावालाच परसदार म्हणण्यासारखे होईल.

हे परसदार अभ्यासकाला मात्र गावापेक्षाही अधिक बोलके ठरते. शिंपल्यांतील चुन्यामुळे आम्लधर्मी जमिनीतही आतील हाडे टिकतात, म्हणून एरवी विरघळून गेली असती अशी माशांची बारीक हाडे या उकिरड्यांत हाती लागतात. ती निसटू नयेत म्हणून माती बारीक चाळणीतून पाण्याने धुवावी लागते. शिंपल्यावरील वाढीच्या रेषांवरून आणि माशाच्या कानातील खड्यावरून तो जीव वर्षाच्या कोणत्या ऋतूत पकडला गेला हेही सांगता येते, म्हणजे ते लोक तेथे बारमाही राहत होते की हंगामापुरते येत होते याचा अंदाज बांधता येतो. डेन्मार्कमधील एर्टेबोले येथील उकिरडा सुमारे १४० मीटर लांब आणि जागोजागी जवळजवळ दोन मीटर जाड आहे, आणि १८९३ ते १८९७ अशी पाच वर्षे तो खणला जात होता. किनाऱ्यापासून दूरचे उकिरडेही समुद्राविषयी बोलतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या हडप्पा येथे सागरी शिंगाड्याच्या जातीच्या माशांची हाडे मिळाली आहेत आणि तो मासा सुकवून किंवा खारवून आला असावा, असे मानतात. आठवडे बाजारात सुकट-बोंबील घेणाऱ्या खानदेशी माणसाला हे पटायला फारसा पुरावा लागू नये.

आता तो अपवाद. १८७७ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांना योकोहामाहून टोकियोला जाताना आगगाडीच्या खिडकीतून ओमोरी येथील शिंपल्यांचा थर दिसला आणि त्यांनी तो खणला. जपानीत अशा जागेला ‘काइझुका’ म्हणतात, म्हणजे ‘शिंपल्यांचे टेकाड’. त्या भाषेने कचऱ्याचा उल्लेख टाळून केवळ उंचवटा सांगितला. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील ‘सांबाकी’ हा शब्दही शिंपले आणि ढीग यांच्याच अर्थाच्या तुपी, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील, शब्दांपासून झाला आहे, आणि तेथील काही ढिगारे सुमारे ३० मीटर उंच असून त्यांत मोठ्या संख्येने दफने सापडली आहेत. लोकांनी आपली माणसे पुरण्यासाठी जी जागा वाढवत नेली तिला उकिरडा म्हणणे मलाही रुचत नाही. तेथे ‘शिंपल्यांचे टेकाड’ लिहावे. पण ही निवड त्या त्या स्थळाचा पुरावा पाहून करावी; शब्द गावंढळ वाटतो म्हणून नव्हे.

एक बारीक दुरुस्ती मात्र सुचवतो. नुसते ‘शिंपल्यांचा’ म्हटल्यास दोन शकलांचे जीवच समजले जातात, तेव्हा शंखवर्गही असेल तर ‘शंखशिंपल्यांचा उकिरडा’ लिहावे आणि जेथे एकट्या कालवांचाच ढीग आहे तेथे कोकणातल्याप्रमाणे ‘कालवांचा’ म्हणावे. सहकाऱ्यांचे तरीही समाधान झाले नाही, तर ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण भित्तिपत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात लिहावी. बारा वर्षे म्हणजे काय, एवढे मात्र विद्यार्थ्यांना तोंडी सांगावे लागेल, कारण एर्टेबोलेच्या उकिरड्याला त्यासाठी सहा हजारांच्या आसपास वर्षे थांबावे लागले.