तुर्की: 'आलीच्या घरात' म्हणताना मध्येच 'न' कुठून येतो?

तुम्ही 'आलीनिन एविदे' (आली नावाच्या माणसाच्या घरात) लिहिलंत, ॲपने ते 'एविन्दे' केलं आणि कारण काही दिलं नाही, हे वाचून माझा जुना वैताग वर आला. याच 'न'ने माझंही डोकं खाल्लं होतं.

मालकाला षष्ठी आणि वस्तूलाही प्रत्यय (आलीनिन एवी, म्हणजे आलीचं घर), एवढं तुम्हाला येतंच. अडतं पुढे. 'त्याचं/तिचं' सांगणाऱ्या प्रत्ययानंतर विभक्ती आली की मध्ये 'न' येतोच. एवदे म्हणजे घरात, एविन्दे म्हणजे त्याच्या घरात. 'माझ्या घरात'ला तो लागत नाही: एविम्दे. 'तुझ्या घरात'सुद्धा एविन्देच होतं, कारण 'तुझं घर' मुळात एविन. कोणाचं ते संदर्भावरून ओळखायचं.

मी फी भरून ज्या क्लासला बसले, तिथे कर्माची विभक्ती एका धड्यात आणि 'त्याचं घर' भलत्याच धड्यात. दोन्हींचं रूप एवी! हे सारखंच दिसतं, हे कोणी सांगेना. विचारलं की 'पुढच्या लेव्हलला येईल.' पुढची लेव्हल म्हणजे पुढची फी. खरं तर दोन वाक्यं शेजारी लिहिली असती तरी भागलं असतं: एवी ग्योर्द्यूम, मी (ते) घर पाहिलं, एविनी ग्योर्द्यूम, मी त्याचं घर पाहिलं. ज्या 'न'वर आपण चिडतो, तोच इथे घोळ मिटवतो.

मी काही शिक्षिका नाही, कामापुरतं बोलते. तरी माझं मत: तक्ते घोकू नका, ठिकाणांची नावं घ्या. गालाता कुलेसी (गालाता मनोरा), इस्तंबूल युनिवेर्सितेसी. इथे पहिल्या शब्दाला षष्ठी नाही, कारण मालकी नाही, नुसतं नाव आहे. शेवटचा 'सी' मात्र राहतो, आणि 'मनोऱ्यात' म्हणायचं तर कुलेसिन्दे. आला बघा 'न'.

आणि इंग्रजीतून शिकू नका. 'माझ्याकडे अमुक आहे'साठी वेगळं क्रियापद आपल्याकडेही नाही, तुर्कीतही नाही. वाक्तिम वार, वेळ आहे मला. वाक्तिम योक, नाहीये. 'माझा'चा 'म' शब्दातच आहे, वर 'बेनिम' (माझा) लावायची गरज नाही.

(देवनागरीवरून उच्चार पाठ करू नका. तुर्कीतल्या बिनटिंबाच्या 'आय'चा (ı) स्वर आपल्या लिपीत बसत नाही, म्हणून मी असे शब्द मुद्दाम टाळलेत.)

बोलताना लोक प्रत्यय गाळून 'बिझिम एव', आमचं घर, असं सर्रास म्हणतात. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. परीक्षेत मात्र 'बिझिम एविमिझ'च लिहा.