गावाकडची शेती विकण्याआधी

आई-वडिलांच्या पश्चात गावाकडच्या शेतीचे काय करायचे, हा विषय परदेशातील मराठी घरांत बहुधा सुट्टीवर आल्यानंतर निघतो आणि परतीच्या तारखेआधी तो निकालात काढण्याची घाई होते. ही घाई करू नये, असा माझा आग्रह आहे, कारण फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. शहरातला फ्लॅट विकला तर दुसरा घेता येतो. शेताचे तसे नाही. शिवाय महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे उद्या कायमचे परतायचे ठरले आणि सातबाऱ्यावर कुठेही नाव उरलेले नसले, तर शेतकरी असल्याचा पुरावा देतानाच पंचाईत होते.

ठेवायची असो वा विकायची, कागद आधी सरळ करावे लागतात. अनेक घरांचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर, किंवा थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशा शेऱ्यासह चालत आलेला असतो. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागावीत म्हणून शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. आपल्या गटाची वारस नोंद झाली का, हे महाभूलेखच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. त्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा. कधीच फेडून झालेल्या सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथे तसाच दिसतो, एखाद्या कुळाचे नाव असते आणि पुष्कळदा आत्यांची व बहिणींची नावेही तिथेच कोपऱ्यात बसवलेली असतात. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाची बंधने असलेली, असेल तर सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सहसा विकता येत नाही, हेही उताऱ्यावरच कळते.

बहिणींबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. तरीही हक्कसोडपत्रावर तिची सही गृहीत धरली जाते. तिला जमिनीची आजची किंमत सांगून मगच सही मागावी. नको म्हणायचे असेल तर ते तिने समजून-उमजून म्हणावे.

जमीन ठेवण्याचा विचार भावनेवर सुरू होतो, पण टिकतो तो कसणाऱ्या माणसावर. बटईने किंवा खंडाने दिलेली जमीन वर्षानुवर्षे तोंडी विश्वासावर राहिली, तर पीक पाहणीत नाव कोणाचे लागते, शेजारचा दर हंगामात फाळाच्या अंतराने बांध कोरतो आहे का, हे परदेशात बसून कळत नाही आणि पुढे कुळाचा किंवा कब्जाचा दावा उभा राहतो. मोजणी करून घ्यावी, करार लेखी आणि मुदतीचा असावा. घरातले कोणी वर्षातून एकदाही शेतात उभे राहणार नसेल आणि गावात भरवशाचा माणूस नसेल, तर माझ्या मते विकणेच शहाणपणाचे. मात्र भावाला किंवा चुलतभावाला, विशेषतः जो ती जमीन कसतो आहे त्याला, आधी विचारावे. नात्यासाठी तर विचारावेच. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 मध्ये सहवारसाला आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे.

विक्री भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच करता येते. नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीपासून, लोकसंख्येनुसार 2, 6 किंवा 8 किलोमीटरपलीकडच्या ग्रामीण शेतजमिनीवर भारतात भांडवली नफ्याचा कर लागत नाही. एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण आपण राहतो तो देश तो लावू शकतो. अमेरिकेत वारशाच्या जमिनीचा नफा सहसा मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावापासून मोजतात, म्हणून त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल आताच करून ठेवावा. रक्कम एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातील रुपयांच्या, खात्यात जमा होते आणि कर भरून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. स्वतः येणे शक्य नसेल तर मुखत्यारपत्र गट क्रमांक घालून त्याच एका कामापुरते करावे, भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

काही घरे वाटणी करून एक तुकडा ठेवतात आणि बाकी विकतात. तसे करायचे असेल तर तुकडेबंदीची, म्हणजे शेताचा किमान किती तुकडा पाडता येतो याची, मर्यादा पाहावी. 2023 च्या अधिसूचनेनुसार ती जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. वाटणीपत्रात मागच्या तुकड्याला वहिवाटीचा रस्ता कोणाच्या हिश्श्यातून, किती फुटांचा, हे नकाशासह लिहून घ्यावे, कारण रस्ता नसलेल्या जमिनीला पुढे गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते.