आईवडिलांच्या लँडलाइनला आन्सरिंग मशीन घ्यावं का?

प्रश्न असा आहे: "आईवडील गावी दोघंच असतात. लँडलाइनवर फोन केला तर पुष्कळदा उचलला जात नाही. आन्सरिंग मशीन असलेला कॉर्डलेस घेऊन द्यावा का? कोणी वापरलाय का? घेताना काय बघावं?"

वापरलंय. १९९३ पासून जवळजवळ अकरा वर्षं, ठाण्याला. आणि त्या मशिनवरून माझ्या सासरी जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. त्यामुळे प्रश्न दिसल्यावर भाजी निवडायची तशीच टाकून लिहायला बसलेय. लांबेल.

आधी तुमच्या कामाचं. आईवडील घरात असून फोन उचलला जात नाही, म्हणजे घंटा ऐकू येत नाही किंवा उठून पोचेपर्यंत ती थांबते. त्यावर मशीन हे औषधच नव्हे. मशीन साधारण चार घंटांनी फोन स्वतःच घेतं, आधी रेकॉर्ड केलेलं निवेदन ऐकवतं आणि बीप झाल्यावर समोरच्याचा निरोप टिपून ठेवतं. तुमचे वडील गुडघ्यावर हात ठेवून उठताहेत तोवर ते बोलायलाही लागलेलं असेल. आणि जो माणूस वाजणारा फोन घेत नाही तो लुकलुकणारा दिवा बघून बटण दाबेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांना दोन हँडसेटवाला साधा कॉर्डलेस घ्या. एक पलंगाशी, एक स्वयंपाकघरात. मशीन लागतं ते दिवसभर कुलूप असणाऱ्या घराला.

तसं आमचं घर होतं. दोघंही सकाळी ७.५२ ची लोकल पकडायचो, परत यायला साडेसात. फोनसाठी नंबर लावून काही वर्षं वाट बघितली, आणि फोन आल्यावर कळलं की जग ज्या वेळात फोन करतं त्या वेळात आमच्या घरी फक्त पाल असते. माझा भाऊ न्यू जर्सीला. १९९३ च्या दिवाळीत आला तेव्हा हे मशीन घेऊन आला. जपानी कंपनीचं, काळं, पोळपाटाएवढं, आत काडेपेटीएवढी मायक्रोकॅसेट.

अमेरिकेतलं म्हणजे ११० व्होल्टचं. आपल्या २३० वर सरळ लावलं असतं तर पहिल्याच दिवशी धूर निघाला असता. नवऱ्याने लॅमिंग्टन रोडवरून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो मशिनपेक्षा जड, आणि सतत गुणगुणायचा. ती गुणगुण निरोपांच्या मागे कायम ऐकू यायची. फोन करणारा प्रत्येक जण पिठाच्या गिरणीत उभा आहे असं वाटायचं.

मग नवऱ्याने निवेदन रेकॉर्ड केलं. "नमस्कार, आपण अमुक यांच्या निवासस्थानी दूरध्वनी केला आहे," अशी आकाशवाणीच्या बातम्यांच्या चालीवर सुरुवात, मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. ‘घरी नाही’ म्हटलं तर चोराला आमंत्रण, म्हणून ‘आत्ता फोन घेऊ शकत नाही’. सगळं मिळून पस्तीस सेकंद. मी म्हटलं होतं, दहात आटप. ऐकलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यात मशीन एका कॅसेटचं. टेपच्या सुरुवातीला आमचं निवेदन, त्याच टेपवर पुढे लोकांचे निरोप. फोन आला की मशीन आधी निवेदन वाजवणार, मग जुने निरोप ओलांडून कोरी जागा सापडेपर्यंत टेप पळवणार, आणि मग कुठे बीप. जितके निरोप साठलेले तितकं थांबणं जास्त. दुपारपर्यंत पाचसहा जमले की फोन करणाऱ्याच्या नशिबी पस्तीस सेकंदांचं भाषण आणि वर किर्रर्र. दोन कॅसेटवाल्या मशिनांत ही भानगड नव्हती, पण भावाला सेलमध्ये हेच मिळालं.

माझ्या थोरल्या नणंदबाई, वन्सं, सांगलीला. सासूबाई त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून जुन्या घरात. फोन दोन्हीकडे नाही. वन्सं एस. टी. स्टँडजवळच्या बूथवरून एसटीडी, म्हणजे परगावचा फोन, करायच्या. बिलाचे लाल आकडे पळणारा तो डबा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. फोन माणसाने उचलला की मशिनने, याच्याशी एक्स्चेंजला देणंघेणं नसतं. उचलला की आकडे सुरू. पूर्वी आम्ही नसलो तर घंटा वाजून वाजून थांबायची आणि वन्संचा एक पैसा जायचा नाही. आता मशीन उचलायचं. पहिल्याच वेळी त्यांचे नऊ रुपये गेले. पुढच्या वर्षी गौरीच्या जेवणाला बारा माणसांसमोर म्हणाल्या, "माझ्या भावाचं भाषण ऐकायला मी नऊ रुपये मोजले."

नवरा इंजिनियर. त्याने बहिणीला समजवायला सुरुवात केली की हे काही नवीन फॅड नाही, डेन्मार्कच्या पोल्सनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज उमटवायचं यंत्र केलं ते टेलिफोनवरचा निरोप टिपून ठेवता यावा म्हणूनच. वन्सं म्हणाल्या, "मग त्याने आपल्या बहिणीला लावला होता का फोन?"

खरं म्हणजे मशिनवर टोल सेव्हर म्हणून एक खटका होता. तो चालू केला की नवीन निरोप असेल तर मशीन दोन घंटांनी उचलतं, नसेल तर चार घंटांनी. म्हणजे आपण बाहेरून स्वतःचे निरोप ऐकायला फोन केला आणि तिसरी घंटा ऐकू आली, तर निरोप नाही हे ओळखून ठेवून द्यायचं. पैसे वाचतात. फार हुशारीची युक्ती, पण मालकाच्या सोयीची. नवऱ्याने तो खटका कायम चालू ठेवलेला. ऑफिसातला फोन चकती फिरवायचा होता, त्यातून रिमोटच्या कोडसाठी, म्हणजे बाहेरून निरोप ऐकायला दाबायच्या आकड्यांसाठी, लागणारे टोन निघत नाहीत, म्हणून माउथपीसला लावून टोन वाजवणारं एक डबडंसुद्धा विकत घेतलं होतं. हे सगळं ऑफिसच्या फोनवरून, बरं का. वाचवायचे कोणाचे होते ते देव जाणे. परिणाम एवढाच की दुपारी एखादा निरोप आधीच पडलेला असला की वन्संचा फोन मशीन दुसऱ्या घंटेलाच उचलायचं. त्यांना रिसीव्हर ठेवायलाही वेळ मिळायचा नाही.

जुलै १९९५, गुरुवार. आम्ही साडेसातला घरी आलो तर मशिनवर ४ आकडा. पहिला निरोप पाळणाघरातल्या बाईंचा, दुसरा सोसायटीचा. तिसऱ्यात कोणी बोललंच नाही. मागे लाउडस्पीकरवर कसली तरी घोषणा, कोणाचा तरी श्वास, मग खोकला, दोनदा, दुसरा दाबलेला. मग रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आणि त्यानंतर लांबच लांब टूं-टूं-टूं. समोरच्याने फोन ठेवला की अमेरिकेतलं एक्स्चेंज लाइनचा करंट क्षणभर तोडतं, त्यावरून मशिनला कळतं की संपलं. आमच्या लाइनवर तो इशाराच यायचा नाही, नुसता एंगेज टोन, आणि तो टोन म्हणजे कोणीतरी बोलतंय असं समजून मशीन टिपत बसायचं. चौथा निरोप: "हॅलो." मग शांतता. मग बंद.

नवरा म्हणाला, "राँग नंबर." इरेज दाबलं. मी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सांगलीच्या शेजाऱ्यांचा फोन. सासूबाई मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला हलवलंय, आज ऑपरेशन. आम्ही त्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून शनिवारी सकाळी पोचलो. ऑपरेशन होऊन गेलं होतं. कागदावर सही एकट्या वन्संनी केली. सासूबाई बऱ्या झाल्या, काठी घेऊन पुढे नऊ वर्षं हिंडल्या, पण सही एकटीने केली ती केलीच. तेव्हापासून सासरचा निकाल लागलेला आहे: ह्यांच्या घरी माणसं नाहीत, मशीन राहतं. परवा वन्संच्या नातीच्या साखरपुड्यात नव्या व्याह्यांनाही हे सांगून झालं.

आता माझं म्हणणं. बीप झाल्यावर तीन शब्द बोलायचे होते: "आई पडली, या." पैसे तर तोवर गेलेलेच होते. ते घालवून, वर गप्प राहून फोन ठेवायचा, एकदा नाही दोनदा, आणि दोष पोळपाटाएवढ्या डब्याला? यंत्राशी काय बोलायचं म्हणे. यंत्राशी कोण बोलतंय, निरोप ठेवायचाय! पोस्टाच्या पेटीत पत्र टाकताना कोणी लाजतं का? आणि हे फक्त वन्संचं नाही. चांगले शिकलेले लोक, ऑफिसातले साहेब, एक डॉक्टर, सगळे बीप ऐकून गार. अकरा वर्षांतले निम्मे निरोप मुके होते. ज्या वन्सं यंत्राशी बोलणार नव्हत्या त्या आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी व्हॉट्सॲपवर चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात. तेव्हा आमच्या मशिनची मर्यादा एक मिनिट होती, नाहीतर कदाचित बोलल्या असत्या.

तरीही तुम्हाला घ्यायचंच असेल तर दुकानदाराला विचारू नका, स्वतः तपासा. मशीन लाइनला लावा आणि मोबाइलवरून फोन करा. उचलल्यापासून बीपपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. मग एक वाक्य बोला, पाच सेकंद गप्प राहा, पुन्हा बोला, फोन ठेवा. आता ऐका. दुसरं वाक्य आहे का? शेवटी किती टूं-टूं भरलंय? बाकी बटणं किती नि दिवे किती याला अर्थ नाही. डिजिटल म्हणजे भारी असंही नाही. काहींना आत बॅटरी लागते, ती नसली तर लाइट गेल्याबरोबर घड्याळ शून्यावर आणि निरोप गायब. रिमोटचा कारखान्याहून आलेला कोड पहिल्या दिवशी बदला. आणि लँडलाइन फायबरवर गेली असेल तर फोन भिंतीतून नाही, फायबरच्या मोडेमच्या डब्यातून येतो. लाइट गेली की डबा बंद, फोन बंद. आधी त्या डब्याला इन्व्हर्टर. निवेदन दहा सेकंदांच्या आत, एकाच भाषेत.

त्या पाच सेकंदांचं मी का सांगते, तर आमच्या मशिनवर एक खटका होता, कोणी बोलत नसेल तर रेकॉर्डिंग थांबवायचा. टेप वाचावी म्हणून तो आम्ही चालू ठेवला होता. तेव्हा चौथ्या निरोपात वन्सं "हॅलो" म्हणून शब्द जुळवत असताना मशिनने स्वतःच फोन ठेवून दिला असणं शक्य आहे. म्हणजे त्या बोलणार होत्या असंही असेल. हे मला बऱ्याच वर्षांनी माहितीपुस्तक रद्दीत घालताना वाचून कळलं.

आणि आता लिहायलाच बसलेय तर. निम्मे निरोप मुके असले की माणूस मुकेपणातून ओळखायला शिकतो. बांगड्या वाजल्या की काकू, मागे मारुतीच्या देवळातली घंटा आली की माझी मैत्रीण, उसासा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. तो तिसऱ्या निरोपातला दाबलेला खोकला मला ओळखीचा वाटला होता. पदर तोंडाला लावून खोकतात तसा. मी बोललेही, "वन्सं तर नसतील?" नवरा म्हणाला, त्या बोलल्या असत्या. त्यांच्या शेजाऱ्यांचा पी. पी. नंबर, म्हणजे ज्यावर त्यांना बोलावून घेता येई तो, आमच्या डायरीत होता. तेव्हा वाजले होते पावणेआठ. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाई व्हायचा, म्हणून म्हटलं अकराला लावू. अकराला मनात आलं, परक्या माणसांना एवढ्या रात्री कुठे उठवायचं, सकाळी बघू.

हे नवऱ्याला मी सांगितलेलं नाही. तो इथे वाचायला येत नसतो.

तुमच्या आईवडिलांच्या शेजाऱ्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे? नसेल तर आधी तो मागून घ्या, आणि रात्री अकराला फोन केला तर चालेल का तेही विचारून ठेवा.