कोरियात पदच्युत झालेल्या राणीचं पुढे काय व्हायचं?

प्रत्येकीचं वेगळं. राजा सोंगजोंगच्या यून राणीला 1482 मध्ये विष देऊन मारलं, तर इनह्यॉन राणीला 1694 मध्ये पुन्हा गादीवर बसवलं. पण मला सगळ्यात चटका लावते ती राजा दानजोंगची राणी जॉंगसुन.

जन्म 1440 चा, 1454 मध्ये लग्न. पुढच्याच वर्षी काकाने, म्हणजे सेजोने, पोरसवदा दानजोंगकडून गादी घेतली. 1457 मध्ये त्याला यंगवोलला हद्दपार केलं आणि त्याच वर्षी तिथेच त्याचा अंत झाला. सोलमधल्या चंगेचॉन ओढ्यावरच्या पुलावर दोघांची शेवटची भेट झाली, असं लोक सांगतात.

राणीची आता सामान्य बाई झाली. ती पूर्व दरवाजाबाहेर झोपडीवजा घरात राहिली आणि कापड जांभळं रंगवून पोट भरलं. जिथे ती कापड धुवायची तो झरा आजही 'जांभळा झरा' म्हणून दाखवतात. शेजारच्या बायकांनी म्हणे तिथे फक्त बायकांचा भाजीबाजार भरवला, म्हणजे पहारेकऱ्यांच्या नजरेआड तिला भाजी देता येईल. आख्यायिका असेल, पण अशी आख्यायिका कुणाबद्दलही तयार होत नाही! रोज टेकडीवर चढून ती पूर्वेकडे, यंगवोलच्या दिशेने, बघत बसायची असंही सांगतात.

सेजो गेला, त्यानंतरचेही राजे आले-गेले. ही 1521 पर्यंत जगली. चौसष्ट वर्षांचं वैधव्य. राणीपद परत मिळालं ते थेट 1698 मध्ये. तिच्या समाधीचं नाव सारुंग. त्यातल्या 'सा'चा अर्थ आठवण काढणं.