जाल्लो म्हणा, आणि ‘पीतपट’ तर मुळीच नको

प्रश्न असा आला आहे: ‘आइज ऑफ लॉरा मार्स’ (१९७८) या चित्रपटाला ‘अमेरिकन गिआलो’ म्हणतात (गिआलो हा खून-रहस्याच्या इटालियन चित्रपटांचा प्रकार). गिआलो म्हणजे पिवळा, तर मराठीत ‘पीतपट’ म्हणावं का? आणि त्यातल्या ‘सायकिक’, म्हणजे इंद्रियांपलीकडचं दिसणाऱ्या नायिकेला काय म्हणायचं, मनोरुग्ण?

आधी उच्चार. ‘गिआलो, गिआलो’ ऐकून कान किटले आहेत. इटालियन लेखनात ‘जी’नंतरचा तो ‘आय’ फक्त ‘ग’चा ‘ज’ करण्यापुरता बसवलेला असतो, त्याला स्वतःचा आवाज नसतो. जॉर्जो, जान्नी, तसंच जाल्लो. ‘ल’ दुहेरी. अनेकवचन जाल्ली.

‘पीतपट’ हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते उघड आहे. पीत पत्रकारिता असते, म्हणून पीतपट. पण तो पिवळा न्यूयॉर्कचा. १८९०च्या दशकात पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांत चुरस लागली होती आणि ‘यलो किड’ नावाचं व्यंगचित्रातलं पोर दोघांनाही हवं होतं, तिथून ते नाव आलं. जाल्लोचा पिवळा मिलानचा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ मध्ये रहस्यकथांची माला काढली, तिची वेष्टनं पिवळी होती, म्हणून लोक त्या पुस्तकांनाच ‘पिवळी’ म्हणू लागले. या दोन पिवळ्यांची सोयरीक लावणं हा निव्वळ आळस आहे.

आता खरी गंमत. जाल्लो आणि इंग्रजी ‘यलो’ ऐकायला सख्खी भावंडं वाटतात, आणि बरेच हौशी व्युत्पत्तीकार तसं ठोकूनही देतात. पण ते नातं इतकं सरळ नाही. ‘यलो’ आपल्या ‘हरि’च्या, म्हणजे पर्यायाने हळदीच्या (हरिद्रा) कुळातला. त्या कुळातल्या मूळ ‘घ’चा लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘ह’ होतो, आणि तसा ‘हेल्वुस’ हा पिवळ्याचा शब्द लॅटिनमध्ये आहेही. जाल्लो आला तो लॅटिन ‘गाल्बिनुस’वरून, म्हणजे हिरवट पिवळा. त्यातला ‘ग’ या नियमात बसत नाही, त्यामुळे तो शब्द लॅटिनने बाहेरून उचलला असावा. नुसत्या नादावरून नातं जोडणाऱ्यांनी निदान एवढा नियम तरी बघावा.

बरं, लॅटिन ‘गा’चा इटालियनमध्ये ‘जा’ होत नाही. ‘गांबा’ (पाय) इटालियनमध्ये ‘गांबा’च राहतो, फ्रेंचमध्ये मात्र त्याचा ‘जांब’ होतो. म्हणजे जाल्लो हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘जाल्न’वरून इटलीत आलेला पाहुणा. त्याच ‘जाल्न’चा पुढे फ्रेंच ‘झोन’ झाला आणि त्याच घरातून इंग्रजीत गेला ‘जाँडिस’. कावीळ! (आपली कावीळ ‘कामला’वरून आली. ग्रामचा गाव आणि नामचं नाव होताना ‘म’चा ‘व’ झाला, तसाच इथे.) कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, आणि ज्या चित्रपटावरून हा प्रश्न निघाला तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग दिसण्याबद्दलच आहे. हा योगायोग आहे हे मला कळतं. पण सोडवत नाही.

तर ‘अमेरिकन जाल्लो’ हा वदतोव्याघात आहे, असं काही समीक्षक नाक मुरडून सांगतात. त्यांना कळवा की मोंदादोरीच्या मालेतलं पहिलंच पुस्तक अमेरिकन एस. एस. व्हॅन डाइनच्या कादंबरीचं भाषांतर होतं. शब्द फ्रेंच वळणाचा, पहिला माल अमेरिकन. इटलीचं काय, तर वेष्टन! इटालियन माणसाला आजही कुठलीही रहस्यकथा जाल्लोच. त्याच्या लेखी अगाथा ख्रिस्तीही जाल्लो आणि आपले बाबुराव अर्नाळकरही. हातमोजे घातलेला खुनी, भडक रंग, देखण्या बायकांचे देखणे खून, एवढ्यापुरता तो शब्द आखडला इटलीबाहेरच्या चाहत्यांनी.

त्या आखडलेल्या अर्थानेही लॉरा मार्स चपखल बसते. इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाने १९६४ मध्येच पडद्यावर एका फॅशन हाउसमध्ये खून पाडले होते. त्याच्याच देशातल्या दारिओ अर्जेंतोच्या ‘प्रोफोंदो रोस्सो’त (१९७५) भर सभेत एका बाईला प्रेक्षकांत बसलेला खुनी जाणवतो. लुचो फुल्चीच्या १९७७च्या चित्रपटाची नायिका अशीच, न घडलेलं दिसणारी, आणि तो अमेरिकेत गेला तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं? ‘द सायकिक’. अर्व्हिन कर्शनर दिग्दर्शित ‘लॉरा मार्स’मध्ये फे डनवे न्यूयॉर्कची फॅशन छायाचित्रकार आहे. भर चौकात जळत्या मोटारींपुढे फरकोटातल्या मॉडेल उभ्या करून ती फोटो काढत असते आणि तेवढ्यात तिची स्वतःची नजर जाते. कॅमेऱ्यासमोरचं काही दिसेनासं होतं आणि खुनी जे पाहतोय तेच दिसू लागतं. चित्रपटात तिची म्हणून दाखवलेली काही छायाचित्रं खुद्द हेल्मुट न्यूटन या फॅशन छायाचित्रकाराची. मूळ कथा जॉन कार्पेंटरची, ज्याचा ‘हॅलोविन’ त्याच वर्षी आला.

हां, ‘सायकिक’ राहिलंच. मनोरुग्ण म्हणजे ‘सायको’, आणि तो इथे खुनी आहे. बिचाऱ्या लॉराला ते बिरूद कशाला? ‘अतींद्रिय’ चालेल, पण ढोबळ आहे. ‘दिव्यदृष्टी’ म्हणाल तर ती संजयाची: तो सगळं रणांगण पाहतो आणि शेजारचा धृतराष्ट्रही त्याला दिसत असतो. लॉराला समोरची भिंत दिसत नाही. खुनी पाठलाग करतो तेव्हा तिला पळणारी स्वतःचीच पाठ दिसते. मला विचाराल तर आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द परकायाप्रवेश, तोही अर्धाच, कारण शंकराचार्य राजाच्या देहात स्वखुशीने शिरले होते. हिला कुणी विचारलेलंही नाही.