वाचकांचे प्रश्न : आयनिक संयुगांची सूत्रं आणि मिठाच्या पाण्यातली वीज

प्रश्न : मुलगी नववीत आहे. संयुजांची तिरकस अदलाबदल करून, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहून, ती सूत्रं लिहिते. कॅल्शिअम क्लोराइड जमतं, पण मॅग्नेशिअम ऑक्साइड आणि अॅल्युमिनिअम सल्फेट हमखास चुकतात. कसं समजवावं?

उत्तर : अदलाबदलीच्या आधी तिला त्यामागचा नियम द्या : धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य व्हायला हवी. मिठाच्या खड्यात एक सोडिअम व एक क्लोरिन अशी सुटी जोडी नसतेच. प्रत्येक सोडिअम आयनाला (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) लागून ६ क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडला लागून ६ सोडिअम, अशी रचना खडाभर पसरलेली असते. सूत्र सांगतं ते फक्त प्रमाण. मॅग्नेशिअमवर २ धन, ऑक्साइडवर २ ऋण. एकास एक घेतले की हिशेब मिटला. अदलाबदलीतून येणारं दोनास दोन हे लहानात लहान अंकांत आणायचं राहून जातं.

अॅल्युमिनिअमवर ३ धन, सल्फेटवर २ ऋण. ३ आणि २ चा लसावि ६, म्हणून अॅल्युमिनिअम २ आणि सल्फेट ३. इथे बहुतेक मुलं कंसात अडकतात. सल्फेट हे एक गंधक आणि चार ऑक्सिजन मिळून झालेलं एकच मूलक आहे. ते अख्खं कंसात घालून ३ बाहेर लिहायचा. कंस गाळला तर ४ ला ३ चिकटून ऑक्सिजनचे ४३ अणू होतात. खरे आहेत १२.

आयनाच्या आतले अंक मात्र कधीही भागू नयेत. सोडिअम पेरॉक्साइडमध्ये सोडिअम २, ऑक्सिजन २ असंच राहतं, कारण तिथे दोन ऑक्सिजन मिळून २ ऋण प्रभाराचा एकच आयन असतो. सरावाला अमोनिअम सल्फेट, कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशिअम नायट्राइड द्या. शेवटचं मुद्दाम : घाईत नायट्राइडचं नायट्रेट होतं.

प्रश्न : कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, मिठाचं पाणी नेतं. घरी दाखवता येईल?

उत्तर : जरूर दाखवा. कोरड्या मिठातही आयन असतात, पण जागच्या जागी जखडलेले. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळलं किंवा पाण्यात विरघळलं, की ते हलू लागतात.

९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध, एक एलईडी आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली एका मंडलात जोडा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा. पेन्सिलींची खालची टोकं आधी कोरड्या मिठात खुपसा, मग १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, मग त्याच पाण्यात चमचाभर मीठ ढवळून. साखरेच्या वेगळ्या द्रावणातही पाहा. तिथे दिवा लागणार नाही. पेन्सिलींऐवजी तांब्याच्या तारा नकोत, धन बाजूची तार झिजून पाणी गढूळ होतं. धन टोकाशी थोडा क्लोरिन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काही सेकंदांत जोडणी काढा. घरातल्या प्लगची वीज चुकूनही वापरू नका. नळाच्या पाण्यात मुळातच क्षार असतात, त्यामुळे त्यात मीठ घालण्याआधीच दिवा मिणमिणला तर गोंधळू नका.