अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या निकोडेमस गावच्या कुटुंबांचा माग किती मागे लागतो?

1870 च्या जनगणनेपर्यंत बऱ्यापैकी सहज लागतो, त्याआधी मात्र अवघड. ग्रॅहम काउंटीतलं हे गाव 1877 मध्ये गुलामीतून सुटलेल्या, बहुतांशी केंटकीहून आलेल्या कुटुंबांनी वसवलं. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. माणसाचं नाव जवळपास कुठेच नाही. ती पानं बघताना पोटात कालवतं. म्हणून केंटकीतल्या मालकांची मृत्युपत्रं चाळा, त्यांत कधीकधी नावं सापडतात.

1890 ची जनगणना 1921 च्या आगीमुळे जवळजवळ पूर्ण गेली. तिथे होमस्टेडच्या, म्हणजे वसून कसण्यासाठी सरकारने दिलेल्या जमिनीचे कागद उपयोगी पडतात: घर केवढं, किती एकर नांगरली, सगळं लिहिलेलं असतं. 1878 मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांना आधी गाव दिसलंच नाही. नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला, "हेच निकोडेमस." लोक जमीन खोदून केलेल्या घरांत राहत होते. बाईंना रडू कोसळलं.

जमलं तर जुलैअखेरच्या होमकमिंगला, म्हणजे गावच्या दरवर्षीच्या मेळाव्याला जा. वंशज दूरदूरहून येतात, जुन्या मंडळींना तिथेच गाठा.